कपाचा कान

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. 'फेस्टॉसची तबकडी उलगडायची आहे' हे वाक्य वाचून थोडा चिडलो होतो, म्हणून उत्तराला उशीर. आधी तेच निकालात काढू. १९०८ साली क्रीटमध्ये सापडलेली, अजून न वाचता आलेल्या लिपीतली ती मातीची तबकडी एकुलती एक. वेगवेगळ्या खुणा ४५, सगळ्या मोजल्या तरी अडीचशे भरत नाहीत. एवढ्या मजकुरातून हवी ती भाषा काढता येते आणि ती चूक आहे हेही कुणाला दाखवता येत नाही. सोड ते.

त्याऐवजी ग्रीसमधल्या पायलॉसची एक मातीची पाटी घे, क्रमांक टीए ६४१. १९५२ साली मायकल व्हेंट्रिसने या पाट्यांवरच्या 'लिनिअर बी' लिपीतली भाषा जुनी ग्रीक असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. पुढच्या वर्षी पायलॉस खणणाऱ्या कार्ल ब्लेगेनने व्हेंट्रिसने ठरवलेले अक्षरांचे उच्चार या पाटीला लावून पाहिले. राजवाड्यातल्या भांड्यांची यादी निघाली, आणि शब्दांशेजारी भांड्यांची चित्रं! 'क्वेतोरोवे' लिहिलंय तिथे चार कानांचं भांडं, 'त्रिओवे' तिथे तीन कानांचं, 'अनोवे' तिथे बिनकानाचं. कपाचा कान तुटला असं आपण म्हणतो ना, तसाच त्या कारकुनाचाही कान. शिवाय 'क्वेतोरो' आणि आपलं चार (संस्कृत चत्वारः) एकाच घराण्यातले.

पण खूश होऊ नकोस. हे साम्य टिकलं ते शेजारी चित्र होतं म्हणून. नुसतं कानाला सारखं लागणं म्हणजे काहीच नाही.

व्हेंट्रिसचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तू ॲलिस कोबरबद्दल वाच. ब्रुकलिन कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात या बाईंनी 'लिनिअर बी'च्या नोंदींच्या सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या केल्या. युद्धात कागद मिळेना, तर जुनी शुभेच्छापत्रं कापली; ठेवायला सिगारेटची खोकी. उच्चारांचे अंदाज बांधायला त्यांनी साफ नकार दिला. फक्त शब्दांची शेपटं पाहिली आणि आपल्या घर, घराला, घरात यांसारखी ती ठरावीक रीतीने बदलतात हे दाखवलं. पुढचं काम याच पायावर उभं राहिलं. १९५० साली त्या गेल्या, उलगडा व्हायच्या दोन वर्षं आधी.

तेव्हा आधी ग्रीक, दोन वर्षं तरी. जोडीला वाचण्यापुरती जर्मन आणि इटालियन. चिडचिड होईल, होऊ दे. आणि पाटी कुठल्या खोलीत, कशाशेजारी सापडली हे विचारल्याशिवाय शब्दाला हात लावू नकोस. या पाट्या मुळात कच्च्या मातीच्या. राजवाडा जळाला म्हणून भाजल्या आणि टिकल्या; म्हणजे हिशेब बहुतेक शेवटच्या वर्षाचेच.

टीए ६४१चं छायाचित्र मिळव. छापील लिप्यंतर बघू नकोस. हाताने नक्कल कर, चित्रांतले कान मोज आणि मला पाठव. पहिल्याच ओळीत पाय जळून गेलेली एक तिवई आहे. तीसुद्धा त्या कारकुनाने इमानाने नोंदवलीय.

तुझा,
सर