वाचकांचे प्रश्न : धडधाकट बँकेतूनही लोक पैसे काढायला का पळतात?

प्रश्न : २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल बँकांवरच्या संशोधनाला मिळालं, पण यात शोध काय लावला तेच मला कळत नाही. लोक घाबरतात, पैसे काढतात, बँक बुडते, एवढं तर कोणीही सांगेल. आणि आता ठेवींवर विमा असतो, मग हा विषय संपला का नाही?

उत्तर : घाबरतात असं कोणीही सांगेल हो, पण डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ च्या शोधनिबंधात दाखवलं ते हे की पळणारा माणूस घाबरट किंवा मूर्ख असायची गरजच नाही. बँक आपल्याकडून कधीही परत मागता येतील असे पैसे घेते आणि वर्षानुवर्षांसाठी कर्जाने देते, तिचा सगळा उपयोगच त्यात आहे, त्यात लबाडी काही नाही. पण सगळ्यांनी एकदम मागितले तर कर्जं घाईघाईत मिळेल त्या भावाला विकावी लागतात आणि रांगेत मागे राहिलेल्याच्या हाती काही लागत नाही. म्हणजे बाकीचे थांबणार असतील तर मी थांबलेलं बरं आणि बाकीचे पळणार असतील तर मी आधी पळालेलं बरं, बँक तीच, ताळेबंद तोच! हे त्यांनी गणितात बसवलं आणि विमा असेल तर पळायचं कारणच उरत नाही हेही दाखवलं. (तिसरे मानकरी बेन बर्नान्की, त्यांचं काम १९३० च्या मंदीवर, बँका बंद पडल्यामुळे कर्ज मिळेनासं झालं आणि मंदी लांबली हे.)

आता विमा. डेमिर्गुच-कुंट आणि डेट्राजियाके या अर्थतज्ज्ञांनी १९८० ते १९९७ मधल्या ६१ देशांची आकडेवारी तपासली तर जिथे ठेव विमा होता तिथे बँकिंग संकटाची शक्यता उलट वाढलेली दिसली, खास करून जिथे देखरेख ढिली तिथे. कारण सरळ आहे, ठेवीदार निर्धास्त झाला की बँक काय उद्योग करतेय ते बघायला कोण जातंय.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो राजकमल अय्यर आणि मंजू पुरी यांचा २०१२ चा शोधनिबंध. २००१ मध्ये गुजरातमधली एक मोठी सहकारी बँक कोसळली आणि तिच्याशी काही देणंघेणं नसलेल्या एका चांगल्या बँकेवर झुंबड उडाली, या दोघांनी तिथल्या एकेका खातेदाराचे व्यवहार तपासले. विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख, आणि मर्यादेच्या आतले लोक कमी पळाले पण पळालेच, म्हणजे विम्याचा उपयोग अर्धवट. ज्यांचं खातं जुनं किंवा ज्यांनी तिथून कर्ज घेतलेलं ते जास्त थांबले. आणि खातं उघडताना फॉर्मवर जो ओळख देतो ना, त्याच्या ओळखीतले लोक पळाले की खातेदारही पळाले! बँक तर बुडाली नाही पण गेलेले ठेवीदार काही परत आले नाहीत.

प्रश्न : मोबाईलवरून पैसे काढता येतात म्हणून आता हे आणखी वाईट झालंय का?

उत्तर : वेग नक्की वाढला. २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक या बँकेबाहेर लोक रांगा लावून उभे होते, तिथे विम्यात पहिले २,००० पौंडच पूर्ण सुरक्षित आणि पुढच्या ३३,००० चे ९० टक्के, मग रांग लागणारच ना, सरकारने पूर्ण हमी दिल्यावर ती ओसरली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले, रांग वगैरे काही नाही. पण फक्त मोबाईलला दोष देऊ नका. व्याजदर वाढल्यामुळे बँकेकडच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांची किंमत पडली होती, ९० टक्क्यांहून जास्त ठेवी अडीच लाख डॉलरच्या विमा मर्यादेबाहेर होत्या आणि ठेवीदार बरेचसे एकाच धंद्यातले, एकमेकांना ओळखणारे, म्हणजे अय्यर-पुरींचंच प्रकरण मोठ्या आकारात. शेवटी सरकारने मर्यादेवरच्याही सगळ्या ठेवी वाचवल्या, त्यामुळे मर्यादा कागदावर ठेवायची तरी कशाला यावर संशोधकांची भांडणं अजून चालूच आहेत.