गोलाईवर मराठी अक्षरं बसवताना

हळदीच्या पाकिटावर 'अस्सल सांगली हळद' कमानीत हवंय ना? मग फोटोशॉपमध्ये पेन टूलनं कमान काढ, टाइप टूल तिच्या रेषेवर ने, कर्सरला वाकडी रेघ दिसली की क्लिक कर आणि लिही. एवढंच. मजकूर सरकवायला पाथ सिलेक्शनचा काळा बाण. चुकून रेषेच्या पलीकडे ओढलास तर अक्षरं उलटी लटकतील, घाबरू नकोस, परत ओढ.

खरी गोची शिरोरेषेची. पाथवर, म्हणजे आपण काढलेल्या रेषेवर, प्रत्येक अक्षर स्वतः वाकत नाही, फक्त तिरकं होतं. त्यामुळे कमानीवर पाया दाटतो, डोकी फाकतात आणि शिरोरेषेला फटी पडतात. इंग्रजीत हे लपतं, आपल्याकडे लगेच दिसतं. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नकोस, फटी आणखी रुंदावतील. माझ्या पहिल्या गणपती फ्लेक्सवर मंडळाचं नाव पडक्या दातांसारखं दिसलं होतं; पोरं विसर्जनापर्यंत हसत होती.

म्हणून मी हल्ली पाथ सोडून वार्प टेक्स्टमधला (मजकूर वाकवायची सोय) आर्क, म्हणजे कमानीचा आकार, वापरतो, बेंड (वाक) वीसच्या आसपास. त्यात अक्षरंच वाकतात, शिरोरेषा सलग राहते. फक्त फो बोल्ड (Faux Bold, फोटोशॉपनं नकली जाड केलेली अक्षरं) काढून टाक, नाहीतर वार्प होतच नाही. गोल शिक्क्यासाठी मात्र पाथच लागतो. तिथं वर्तुळ मोठं आणि अक्षर लहान ठेव.