फोन का करत नाहीत?

प्रश्न : परदेशात राहणारे उइगुर लोक आपल्या स्थानबद्ध नातेवाइकांची चौकशी घरी फोन करून का करत नाहीत? त्यांना बातमी मिळते तरी कशी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्याकडे अटकेनंतर माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभे करावे लागते आणि नातेवाइकांना कळवावेही लागते, म्हणून आपला प्रश्न स्वाभाविक आहे. चीनच्या वायव्येकडील शिनजियांगमध्ये, म्हणजे उइगुर या मुस्लिम समाजाच्या मूळ प्रदेशात, मात्र 2017पासून परदेशातून आलेला फोन हाच संशयाचे कारण ठरू लागला. त्यामुळे अनेकांच्या आईवडिलांनीच मुलांना ‘आता फोन करू नका’ असे सांगितले, किंवा काही न सांगता संपर्कयादीतून त्यांचे नाव काढून टाकले. त्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

लोकसाहित्याच्या अभ्यासक प्राध्यापिका राहिले दावूत डिसेंबर 2017मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांची मुलगी अमेरिकेतून जाहीरपणे विचारत राहिली. आईला जन्मठेप झाल्याचे मात्र सप्टेंबर 2023मध्ये, तेही एका मानवाधिकार संस्थेमार्फत, उघड झाले. एवढी वर्षे साधे उत्तरही न देणे, ही मला शिक्षेइतकीच क्रूर गोष्ट वाटते.

सक्तीने बेपत्ता केलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा कार्यगट 1980पासून आहे. कुटुंबीयांनी, किंवा त्यांच्या संमतीने इतर कोणी, अर्ज केल्यास तो संबंधित सरकारकडे विचारणा करतो. सरकारवर उत्तर देण्याची सक्ती मात्र हा कार्यगट करू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानेही ऑगस्ट 2022च्या अहवालात चीनला शिनजियांगमधील अशा बेपत्ता लोकांचा ठावठिकाणा कुटुंबांना तातडीने कळवण्यास सांगितले आहे.