वाफेची लाइन : रबरी होज की लोखंडी पाइप?

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे ट्रॉलीवर बसवलेला हळद शिजवण्याचा बॉयलर असून त्याला दोन ड्रम जोडलेले आहेत. हळदीच्या हंगामात वायगावच्या पट्ट्यात आम्ही तो भाड्याने फिरवतो आणि दाब साधारण २ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) ठेवतो. बॉयलरपासून ड्रमपर्यंत सुमारे ६ मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आहे. पांदण रस्त्याच्या हादऱ्यांनी त्याचे युनियन (आट्यांचे उघडता येणारे जोड) आठ-आठ दिवसांत गळू लागतात. दुकानदार म्हणतो, २० किलो दाबाचा रबरी होज लावा, ताकद दहापट आहे. सगळी लाइन होजची करावी का?
— एक वाचक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर : सगळी लाइन होजची करू नये. जो भाग हलत नाही तो लोखंडी पाइपचाच असावा आणि ड्रम उलटा करताना जेथे जोड हलावाच लागतो, तेथे दीड-दोन मीटरपुरताच होज वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी त्या २० किलोच्या आकड्याविषयी लिहितो, कारण खरा धोका तेथेच आहे. साध्या होजवर छापलेला दाब हा नेहमीच्या तापमानाच्या पाण्यासाठी किंवा हवेसाठी असतो. २ किलो दाबाची वाफ सुमारे १३३ अंश सेल्सिअसची असते आणि दाब ३ किलोवर गेला की ती १४३ अंशांवर पोहोचते. एवढ्या उष्णतेत पाण्याचा साधा होज मऊ पडतो, त्याची पकड सुटते आणि दहापट ताकदीचा हिशेब थंड होजपुरताच उरतो. वाफेचा होज वेगळाच असतो. त्याची आतील नळी बहुधा ईपीडीएम रबराची असते, तिच्यावर पोलादी तारेचे वेष्टन असते आणि होजच्या अंगावर तो वाफेसाठी असल्याचा उल्लेख, दाब व तापमान हे सगळे छापलेले असते. आयएसओ ६१३४ या मानकातील कमी दाबाचा प्रकार ६ बार (सुमारे ६ किलो) दाब आणि १६४ अंशांपर्यंतच्या वाफेसाठी आहे. आपल्या कामाला तो पुरेसा होईल. अशा होजचा फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या दहापट असावा लागतो. ही शिल्लक जास्त दाबावर चालवण्यासाठी नसून, उष्णतेने रबर झिजत जाते म्हणून ठेवलेली असते.

चांगला होजसुद्धा आतून खराब होतो आणि बाहेरून ते दिसत नाही. वाफ रबरात मुरते, थंड झाल्यावर तिचे पाणी आतच राहते आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवून एकदम वाफ सोडली की त्याच पाण्याची वाफ होऊन आतील अस्तर ज्वारीच्या लाहीसारखे फुलते. म्हणून रोज काम संपल्यावर होज सोडून त्यातील पाणी पूर्ण काढावे. ईपीडीएमला तेलाचे वावडे असते, त्यामुळे ट्रॅक्टरचे डिझेल किंवा ग्रीस त्याला लागू देऊ नये. स्क्रू फिरवून आवळायच्या पट्टीच्या क्लिपा वाफेला चालत नाहीत. कपलिंगच्या (होजच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या जोडाच्या) कडेला अडकणारे, नट-बोल्टचे क्लॅम्प घ्यावेत आणि दाब नसताना, होज थंड असताना ते पुन्हा आवळावेत. होज निसटला तर तो चाबकासारखा फिरतो. दोन्ही टोकांना सुरक्षा-साखळी बांधलेली असावी.

आता आपल्या गळणाऱ्या युनियनकडे येऊ. त्याचा दोष लोखंडाला देता येत नाही. ६ मीटर पाइप १०० अंशांनी तापला की सुमारे ७ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोके घट्ट असतील तर तो ताण आणि वाटेतले हादरे दोन्ही युनियनवरच येतात. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप वाफेला योग्य नाही. त्याऐवजी लाल पट्ट्याचा, सी क्लासचा (जाड भिंतीचा) काळा पाइप घ्यावा, जोड शक्यतो वेल्डिंगचे ठेवावेत आणि उघडावेच लागते तेथे गॅस्केटसह फ्लँज (मध्ये चकती घालून नट-बोल्टने आवळायचे जोड) बसवावेत. मार्गात एक काटकोनी वळण दिले तर पाइपला वाढायला जागा मिळते. बॉयलरजवळ हादरा शोषण्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा लहानसा लवचीक तुकडा चालेल, फक्त त्याला पीळ पडता कामा नये.

पाइपला वाफेच्या दिशेने मीटरमागे १ सेंटिमीटर उतार द्यावा. मात्र शेतात ट्रॉली सपाट उभी राहील याची खात्री नसते, म्हणून दोन्ही टोकांना पाणी काढण्याचा व्हॉल्व्ह हवा. साचलेले पाणी वाफेच्या जोराने वळणावर आदळते, तो दणका बसला की जोडच तुटू शकतो. सकाळी आधी हे पाणी काढून मगच मुख्य व्हॉल्व्ह अगदी हळूहळू उघडावा. झोळ पडलेल्या लांब होजमध्ये असेच पाणी साचते, हेही पूर्ण लाइन होजची न करण्याचे एक कारण आहे. पाइपवर रॉकवूल (उष्णता रोखणारी खनिज लोकर) आणि पत्र्याचे आवरण घातल्यास पऱ्हाटी-तुराटीचे जळण वाचते आणि ड्रमपाशी काम करणाऱ्या बायांचे हातही भाजत नाहीत.

२५ लिटरपेक्षा मोठा आणि १ किलोहून अधिक दाबावर चालणारा बॉयलर कायद्याच्या कक्षेत येतो. १९२३ च्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा बॉयलर कायदा आहे. त्यामुळे वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकांना विचारावे.

गळती हाताने कधीही तपासू नये, कारण गळतीच्या तोंडाशी वाफ दिसत नाही. पांढरे दिसते ते थोडे पुढे झालेले पाण्याचे थेंब असतात. होज बसवल्याची तारीख त्याच्यावर रंगाने लिहून ठेवावी. त्याला फुगवटा, भेग किंवा कडकपणा आला, अथवा आतून रबराचे कण निघू लागले, तर तो कापून आखूड करून पुन्हा वाफेला जोडू नये.