कार्ट्रिज बसत नाही, चिप बदलू का?

प्रश्न: माझ्याकडे अमेरिकन सुपर निन्टेन्डो (जुनं व्हिडिओ गेम मशीन) आहे, त्याच्याच जपानी आवृत्तीची, म्हणजे सुपर फॅमिकॉमची, गेम कार्ट्रिज आत जातच नाही. चिप बदलावी लागेल का?

उत्तर: अहो चिपला हात लावू नका! जपान-अमेरिकेची लॉकआउट चिप (दुसऱ्या प्रदेशाचे गेम अडवणारी) जुळते, अडवतंय ते नुसतं प्लास्टिक. स्लॉटमध्ये टॉर्च मारा, मागच्या बाजूला दोन छोटे दात दिसतील, ते बारीक पकडीने मोडले की झालं, फक्त तुकडे पिनांवर पडू देऊ नका. जुनं मशीन तोडायला जीव होत नसेल (माझा तरी होत नाही) तर सरळ अडॅप्टर (कार्ट्रिज नि स्लॉटच्या मध्ये बसणारा जोड) घ्या. युरोपियन कार्ट्रिजचं मात्र त्रांगडं आहे, तिची चिप वेगळी, ती अडचण टळली तरी गेम ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० वेळा चित्र) नि तुमचं मशीन ६० चं, त्यामुळे काही गेम उगाच सुसाट पळतात, काही तर मेसेज दाखवून अडूनच बसतात.