बडोद्यात राहून माउंटन बाइक ओरिएंटियरिंगच्या शर्यतीची तयारी कशी करावी?

माउंटन बाइक ओरिएंटियरिंग म्हणजे कागदी नकाशा वाचत, ठरलेल्या खुणा क्रमाने शोधत सायकलवर धावायची शर्यत. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मांजलपूरला राहता, दोन वर्षं एमटीबी (माउंटन बाइक) चालवताय, एका दमात ५०-६० किलोमीटर होतात. पण मित्रांनी कागदी नकाशा देऊन दहा खुणा शोधायला लावल्या, तेव्हा दर फाट्यावर थांबावं लागलं आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी पोहोचलात. आता शर्यतीत उतरायचंय, तर सुरुवात कुठून करायची?

पायांची काळजी सध्या सोडा, एवढा दम पुष्कळ झाला. वेळ जातोय तो फाट्यांवर. मधल्या पल्ल्याच्या शर्यतीत चाळीसेक फाटे सहज लागतात. प्रत्येकी ८ सेकंद थांबलात तर ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून जास्त वेळ नुसता उभं राहण्यात गेला. तेवढा वेळ मांड्यांच्या जोरावर भरून काढायला वर्षभर घाम गाळावा लागेल. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: फाटा दिसायच्या आधी तिथे काय करायचं ते ठरलेलं हवं. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच.

आधी नियम बघून घ्या. कंट्रोल म्हणजे पांढरा-केशरी झेंडा, त्यावर क्रमांक आणि पंच करायचं, म्हणजे पोहोचल्याची नोंद करायचं यंत्र. कंट्रोल दिलेल्या क्रमानेच घ्यायचे. सायकल शेवटपर्यंत सोबत हवी. चालवा, ढकला नाहीतर खांद्यावर घ्या, पण झाडाला टेकवून पळत जाऊन पंच करून येणं चालत नाही. नकाशा आणि होकायंत्र, बस. मोबाइलवरचा नकाशा बंद, मोटर लावलेली सायकल बंद, हेल्मेट सक्तीचं. वाट सोडून रानातून सायकल मारायला सहसा बंदी असते. नकाशावर जो भाग त्यासाठी खास केशरी रंगवलेला असतो तिथेच मोकळीक. पहिली जागतिक स्पर्धा २००२ मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या जंगलात झाली, आणि या खेळाचे नकाशे वाटांच्या जाळ्याभोवतीच काढले जातात.

हा नकाशा पायी ओरिएंटियरिंगच्या नकाशापेक्षा वेगळा वाचावा लागतो आणि नवा माणूस नेमका इथेच फसतो. पायी नकाशात तुटक रेषा म्हणजे लहान वाट. सायकलच्या नकाशात रेषेची जाडी रुंदी सांगते आणि तुटकपणा सांगतो की सायकल किती चालेल. अखंड रेषेवर वेग धरता येतो, लांब तुकड्यांच्या रेषेवर वेग पडतो, आखूड तुकडे किंवा ठिपके असतील तर बहुतेक उतरून ढकलायची वेळ येते. त्यामुळे बारीक पण अखंड रेषा जाड पण तुटक रेषेपेक्षा पुष्कळदा बरी. तुटक जाड रेषेत वाळू नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या निघतात, आणि वाळूत २९ इंची चाकसुद्धा रुततं.

आता हिशेब. १:१०००० नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, आणि ताशी २० किलोमीटर वेगाने ते १८ सेकंदांत संपतं. १:१५००० वर १ सेंटिमीटरला २७ सेकंद. हे आकडे पाठ करा, कारण नकाशाकडे कितीदा बघायचं ते यांवरून ठरतं. चढाचा हिशेबही असाच. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरली, तर १० मीटर चढायला साधारण ४० सेकंद जातात. तेवढ्यात ताशी १८ किलोमीटरने सपाटीवर २०० मीटर होतात. उतारावर यातलं थोडं परत मिळतं, पण उताराच्या तळाशीच वळण असेल तर ते सगळं ब्रेकमध्ये जातं.

समजा ४ नंबरवरून ५ ला जायचंय. सरळ वाट ९०० मीटर, कोतरात (नदीकाठच्या मातीच्या घळीत) उतरून १५ मीटर वर चढते, आखूड तुकड्यांची, आणि तिच्यावर सहा फाटे. वळशाची गाडीवाट १५०० मीटर, कोतराच्या कडेकडेने, अखंड, चढ जेमतेम ५ मीटर, फाटे दोन. सरळ वाटेवर वेग ताशी १० धरला तर साडेपाच मिनिटं आणि चढाचं एक, मिळून साडेसहा. वळशाला साडेचार मिनिटं आणि चढाचे २० सेकंद, म्हणजे पाचाच्या आत. शिवाय वळशावर पायाला आराम आणि डोळ्यांना नकाशा वाचायला फुरसत मिळते, तेव्हा ५ वरून ६ चा रस्ता तिथेच ठरवून टाकायचा. पंच करताना पुढचा टप्पा डोक्यात तयार नसेल तर तुम्ही थांबणारच.

ठरवलेला रस्ता चार-पाच शब्दांत स्वतःशी बोला: "तिसरा उजवा, कडेने, विहिरीशी डावा." मनातल्या मनात नको, ओठ हलले पाहिजेत. आणि प्रत्येक टप्प्यात कंट्रोलच्या अलीकडची एक ठळक खूण नक्की करा: टाकी, विजेच्या तारांची रांग, बांध. तिथपर्यंत जोरात जा आणि तिथून पुढे मोजून. कोतरातले नवखे बहुधा शेजारच्या समांतर घळीत शिरून हरवतात, कारण दोन्ही घळी दिसायला सारख्या. घळीत उतरायच्या आधी वरच्या कडेवर किती फाटे ओलांडले ते मोजलेलं असेल तर ही चूक होत नाही.

नकाशाचा बोर्ड हँडलवर हवा आणि तो फिरायला हवा, म्हणजे नकाशा नेहमी जाण्याच्या दिशेला लावून ठेवता येतो. तयार बोर्ड परदेशातून मागवावा लागतो, पण सरावाला घरचा चालतो. ५ मिलिमीटरचा सनपॅक (पाट्यांना वापरतात तो पोकळ प्लास्टिकचा पत्रा) २५ सेंटिमीटर चौरस कापा, मधोमध ६ मिलिमीटरचा बोल्ट, खाली-वर रुंद वॉशर, मध्ये एक नायलॉनचा वॉशर आणि शेवटी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). साधा नट लावलात तर धक्क्यांनी अर्ध्या तासात सैल होतो आणि बोर्ड भिरभिरायला लागतो. रुंद वॉशर नसेल तर सनपॅकचं भोक फाटत जातं. नट इतकाच आवळा की एका बोटाने बोर्ड फिरेल, पण खडबडीत वाटेवर आपोआप फिरणार नाही. वर पारदर्शक प्लास्टिक आणि आडवी दोन इलॅस्टिक. पेडलवर उभं राहिल्यावर गुडघा बोर्डाला लागतो का, ते घरीच बघा.

बोर्ड डाव्या हाताने फिरवणार असाल तर तेवढा वेळ हाताशी एकटा उजवा ब्रेक राहतो. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवा म्हणजे पुढचा. भुसभुशीत मातीत नुसता पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला सरकतं आणि माणूस खांद्यावर पडतो. म्हणून बोर्ड फक्त सरळ, सपाट तुकड्यावर फिरवायचा, उतारावर कधीच नाही. ज्यांना सवय बदलणं जमेल त्यांनी ब्रेकच्या केबली अदलाबदल करून मागचा ब्रेक उजवीकडे घ्यावा, पण मग किमान महिनाभर त्या सायकलवर सराव हवा. शर्यतीच्या आदल्या दिवशी हा प्रयोग करू नका.

बडोद्याच्या आसपास सायकलचा खरा शत्रू काटा आहे. गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, सगळीकडे, वाटेवर सराटे. ट्यूब घालून इथे शर्यतीचा सराव होत नाही, ट्यूबलेसच करा, म्हणजे ट्यूबऐवजी टायरमध्ये भोक आपोआप बुजवणारा द्रव, सीलंट. २९ बाय २.२५ च्या टायरला १०० ते १२० मिलिलिटर सीलंट. इथल्या उन्हाळ्यात ते लवकर आटतं, तेव्हा दर सहा-आठ आठवड्यांनी बघा. ७० किलोच्या माणसाला हवा पुढे २०-२२ पीएसआय, मागे २३-२५. काटा दिसला तर उपटा आणि चाक फिरवून भोक खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे जमतं. तेवढ्याने भागलं नाही आणि ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी टायरच्या आतून हात फिरवलाच पाहिजे. ट्यूबलेस टायरमध्ये आधीच्या आठवड्यांचे डझनभर काटे मोडून अडकलेले असतात. ते तसेच ठेवून नवी ट्यूब भरली की दोनशे मीटरवर पुन्हा बसते. हात उघड्या बोटांनी फिरवू नका, हाताला पायमोजा गुंडाळा. सोबत एक ट्यूब, पंप, प्लगची (भोकात ठासायच्या रबरी पट्टीची) सुई, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि आपल्याच मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर-बदल फ्रेमला जोडणारा तुकडा) असू द्या.

सरावाला सिंधरोटच्या बाजूची महीची कोतरं उत्तम. वाटांचं जाळं दाट, उंचीचा फरक थोडा आणि फाटेच फाटे, म्हणजे नेमका हाच खेळ. पण पाऊस झाला की पाच-सहा दिवस कडेला जाऊ नका. गाळाची माती आतून पोखरलेली असते आणि कड ढासळते. शेतातून जायचं तर मालकाला विचारा. विश्वामित्रीच्या काठाला मगरी आहेत, तिथे सराव नकोच. जांबुघोडा अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. चांपानेरच्या अवशेषांमध्येही सायकल नको, ती जपायची जागा आहे. शहराच्या पूर्वेला काळी माती लागते. ओली असताना ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरून चाक जाम करते, तेव्हा पावसाळ्यात तिकडे नाही गेलात तरी चालेल. फाट्यांच्या सरावाला मला सगळ्यांत आवडतं ते जुनं शहर. मांडवीभोवतीच्या पोळ (जुन्या बंदिस्त वस्त्या) आणि गल्ल्या, लहेरीपुरा ते पाणीगेट, पहाटे साडेपाचला. वेग कमी, पण दर वीस सेकंदांनी निर्णय. दुधाच्या गाड्या आणि म्हाताऱ्या माणसांना वाट द्या.

नकाशा स्वतः बनवता येतो. ओपनओरिएंटियरिंग मॅपर हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात सायकलच्या नकाशांची चिन्हं तयार असतात. आधाराला खाली ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला नकाशा घ्या आणि प्रत्येक वाट चालवून पाहूनच तिची रेषा ठरवा. उपग्रहावरून फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीचं जाळं साधारण ३० मीटरचं असतं, त्यात सात-आठ मीटरची घळ दिसतच नाही. ती हातानेच काढावी लागेल. बडोद्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा सरावाच्या नकाशाला त्याची फिकीर नको. पर्पल पेन या शर्यत आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल मांडा. झेंडे लावायचे नसतील तर मॅपरन अॅप घ्या. फोन खिशात राहतो आणि कंट्रोलवर पोहोचलात की बीप करतो.

शर्यतीच्या दिवशी स्पोर्टआयडेंटची चिप (तुमचे पंच नोंदवून ठेवणारी) शर्यत सुरू होण्याआधी क्लिअर (जुन्या नोंदी पुसणं) आणि चेक (पुसल्या गेल्याची खात्री) करायला विसरू नका. कंट्रोलवर बीप ऐकल्याशिवाय निघू नका आणि नकाशावरचा सांकेतिक क्रमांक झेंड्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. ६ सुटून ७ पंच झाला तर घाबरायचं कारण नाही: परत ६ वर जा, मग पुन्हा ७ घ्या, क्रम बरोबर धरला जातो. न घेता पुढे गेलात तर मात्र निकालच लागत नाही.

भारतात सायकलवरच्या अशा शर्यती फार थोड्या होतात, म्हणून सुरुवात पायी ओरिएंटियरिंगच्या स्पर्धांनी करा आणि मित्रांत महिन्यातून एक स्वतः भरवा. दर वेळी घरी आल्यावर फोनमधली जीपीएसची रेघ बघायच्या आधी, आठवेल तशी आपली वाट नकाशावर लाल पेनने काढा आणि जिथे पाय टेकला तिथे फुली मारा. पहिल्या रविवारी दहा कंट्रोलला पंधरा-वीस फुल्या येतील. त्या तीन-चारवर आल्या की युरोपातल्या मोठ्या स्पर्धांच्या जोडीला सर्वांसाठी खुल्या शर्यती असतात, त्यांपैकी एखादीचा अर्ज भरायला हरकत नाही.