वाचकांचे प्रश्न : पऱ्हाटीचा कोळसा, तुसाचा कोळसा आणि आपली जमीन

प्रश्न : कापसाची वेचणी संपली की तीन एकरांची पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवून देतो. भट्टी विकत न घेता तिचा बायोचार करता येईल का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

येईल, खड्ड्यात. बायोचार म्हणजे काडीकचरा कमी हवेत भाजून जमिनीत मिसळण्यासाठी केलेला कोळसा. वर ५ फूट रुंद, तळाशी अडीच फूट आणि ३ फूट खोल असा निमुळता खड्डा खणा. बाजू नीट चोपून घ्या, नाहीतर माती ढासळून कोळशात मिसळते. पऱ्हाटी वाकवल्यावर कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ओली आहे, आठवडाभर उन्हात राहू द्या. ओल्या काड्यांचा धूर होतो, कोळसा नाही. मुळांना चिकटलेली माती झटकून टाका.

तळाशी काड्यांची लहानशी रचाई करून वरून पेटवा. ज्वाळा चांगली उठली की वीतभर जाडीचा थर पसरा. वरची ज्वाळा झाकणासारखी काम करते. हवेतला ऑक्सिजन तीच वापरते आणि काड्यांतून निघणारा वायूही जाळून टाकते, त्यामुळे खालच्या निखाऱ्यांपर्यंत हवा पोचत नाही आणि ते कोळसाच राहतात. पुढचा थर कधी द्यायचा, हीच यातली खरी मेख. वरच्या काड्यांवर पांढुरकी राख धरू लागली की लगेच द्या. घाई केली तर ज्वाळा गुदमरून धूर सुटतो, उशीर केला तर कोळशाची राख होते. खड्डा भरायला साधारण तीन तास लागतात. तेवढा वेळ कोणीतरी तिथून हलता कामा नये. जोराचा वारा असेल त्या दिवशी पेटवूच नका आणि खड्ड्यात कधी उतरू नका.

खड्डा भरला की विझवणे. निदान ५०० लिटर पाणी आधीच भरून ठेवा. बहुतेकांचे नुकसान इथेच होते. वरून काळे दिसते म्हणून पाणी थांबवतात, आत निखारा राहतो आणि सकाळी खड्ड्यात राख सापडते. पाणी ओतत असताना फावड्याने वर-खाली करा, वाफ पूर्ण थांबेपर्यंत. पाणी कमी असेल तर वर वीतभर ओली माती दाबून दोन दिवस हात लावू नका. विझल्याची खात्री झाल्याशिवाय पोत्यात भरू नका, पोती पेटतात.

भरलेल्या खड्ड्यातून सुकल्यावर १२० ते १५० किलो कोळसा मिळतो. सुक्या पऱ्हाटीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा धरा. चिमूटभर कोळसा बोटांत चोळून हात नुसत्या पाण्याने धुवा. काळे निघून गेले तर माल चांगला. तेलकट, चिकट डाग राहिला तर काड्या अर्धवट भाजल्या आहेत, असा कोळसा पुढच्या खड्ड्यात पुन्हा टाका.

आणखी एक लाभ आहे. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते. बांधावरचे ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवले की तीच पुढच्या हंगामात शेतात येते. म्हणून हे काम उन्हाळ्याची वाट न पाहता उरका.

प्रश्न : ताजा कोळसा कुटून थेट मक्याच्या सरीत टाकला. महिनाभर पीक पिवळे पडले. असे का?
– एक वाचक, जि. छत्रपती संभाजीनगर

कारण कोळसा उपाशी होता. त्याच्या सूक्ष्म छिद्रांनी जमिनीतले नत्र आधी स्वतःकडे ओढले आणि कोवळ्या मुळांना ते कमी पडले. अशा वेळी २ टक्के युरियाची फवारणी आणि नत्राचा हप्ता थोडा अलीकडे घेणे, एवढे करता येते.

पुढच्या वेळी कोळसा आधी भारून घ्या. एक पाटी कोळशाला एक पाटी चांगले कुजलेले शेणखत मिसळा, गोबरगॅसची स्लरी शिंपडून ओलसर करा आणि सावलीत तीन-चार आठवडे झाकून ठेवा. कुटताना आधी पाणी मारा, कोरडी धूळ छातीत जाते. ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक पुरे.

प्रयोगांत हेक्टरी ५ ते २० टन मात्रा वापरतात, तेवढा कोळसा कोणाकडेच नसतो. एकरी २०० किलो सगळीकडे फेकला तर चौरस मीटरला जेमतेम ५० ग्रॅम पडतो, त्याचा काही उपयोग नाही. तो सरीत, मुळांच्या पट्ट्यातच द्या. फळझाडाला आळ्यात ठिबकच्या ओलाव्याजवळ २-३ किलो. कोळसा कुजत नाही, म्हणून दरवर्षी थोडा थोडा दिला तरी साठत जातो.

प्रश्न : जमीन भारी काळी, चुनखडीची, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८.४. संत्र्याला बायोचार द्यावा का?
– एक वाचक, जि. अमरावती

आमचे स्पष्ट मत : नको. काळ्या मातीत पाणी आणि अन्नद्रव्ये धरण्याची ताकद आधीच भरपूर असते. कोळसा, विशेषतः राख मिसळलेला, स्वतः अल्कधर्मी असतो. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याला लोह आधीच मिळत नाही, त्यात सामू आणखी वाढला तर पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे दुखणे बळावेल. हाच कोळसा तुमच्या मुरमाड, हलक्या तुकड्यात द्या. तिथे ओल टिकण्यातला फरक दिसेल.

प्रश्न : भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळतो. त्याऐवजी गिरणीतल्या तुसाचा कोळसा चालेल का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, पोषक द्रव्ये धुऊन जाणारी. अशा मातीलाच याचा सर्वाधिक उपयोग. वाफ्याच्या वरच्या थरात मातीच्या दहा पाट्यांना एक ते दोन पाट्या मिसळा. पण राबाची उष्णता तणाचे बी मारते, ते काम कोळसा करत नाही. म्हणून वाफा आधी भिजवून तण उगवू द्या, ते काढा आणि मगच भात पेरा.

तूस खड्ड्यात नीट पेटत नाही, नुसते धुमसते. त्याची रीत वेगळी. पत्र्याच्या डब्याला बाजूंनी भोके पाडा आणि वर धुराचा पाइप बसवा. डब्यात काटक्या पेटवून भोवती तुसाचा ढीग घाला. ढीग आतून बाहेर काळा होत येतो. बाहेरच्या थरावर काळे ठिपके दिसू लागले की फावड्याने वर-खाली करा. सगळे काळे झाले की लगेच पसरून पाणी मारा. इथेही दहा मिनिटांचा उशीर म्हणजे राख.

प्रश्न : बायोचार दिलेल्या शेतात तणनाशक कमी लागू पडले, असे होते का?
– एक वाचक, जि. जळगाव

होते. पेंडिमिथॅलिनसारखी उगवणीपूर्व तणनाशके कोळसा शोषून धरतो. लेबलावरची मात्रा वाढवू नका. कोळसा पिकाच्या ओळीत खोलवर द्या, वरच्या दोन इंचांत नको, आणि त्या पट्ट्यात खुरपणी-डवरणीवर भर ठेवा.